मोटारसायकलवरचे गाणे आणि वाऱ्याचा गोंगाट

लांबच्या प्रवासाला निघालेल्या मोटारसायकलस्वाराला सोबतीला गाणे हवे असते. गावातल्या रस्त्यावर त्याच्या गाडीवरचा लाउडस्पीकर ठीक वाजतो. महामार्गाला लागून गाडीने ऐंशी-नव्वदचा वेग घेतला, की तेच गाणे कुठेतरी हरवते. मग तो दुकानात जाऊन जास्त वॅटचा अँप्लिफायर मागतो. दुकानदार २० वॅटच्या जागी ४० वॅटचा देतो. स्वार पुन्हा महामार्गावर जातो आणि त्याला फरक जेमतेम जाणवतो. वॅट दुप्पट झाले, पैसेही दुप्पट गेले, मग आवाज दुप्पट का झाला नाही?

या साध्या तक्रारीमागे जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास आहे. त्यात रेडिओ बनवणारे कारागीर आहेत, टेलिफोन कंपनीचे अभियंते आहेत, विमानांच्या आवाजाचा अभ्यास करणारे गणिती आहेत आणि कानाचे डॉक्टरही आहेत. या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. चालत्या वाहनात गाणे नीट ऐकू येऊ लागले, ते बहुतेक वेळा गाणे मोठे केल्यामुळे नव्हे, तर भोवतालचा गोंगाट कमी केल्यामुळे. हे ज्यांच्या लक्षात आले नाही त्यांचे पैसे तर गेलेच, पण बऱ्याच जणांची श्रवणशक्तीही गेली.

पहिला शत्रू : ठिणगी

वाहनात रेडिओ बसवण्याचे प्रयत्न १९२० च्या दशकातच सुरू झाले होते. त्यात लोकांच्या लक्षात राहिलेले नाव म्हणजे अमेरिकेतील शिकागो शहरातले पॉल गॅल्व्हिन. पॉल आणि त्यांचा भाऊ जोसेफ यांनी १९२८ मध्ये एक छोटी कंपनी काढली. १९३० मध्ये त्यांनी मोटारीत बसवायचा रेडिओ तयार केला. त्या वर्षी अटलांटिक सिटी येथे रेडिओ उत्पादकांचे अधिवेशन होते. गॅल्व्हिन आपल्या मोटारीत रेडिओ बसवून शिकागोहून तेथे गेले आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना तो ऐकवू लागले. 'मोटोरोला' हे नाव त्याच काळातले. पुढे १९४७ मध्ये कंपनीनेच ते नाव घेतले.

या कारागिरांना पहिली अडचण आली ती वाऱ्याची नव्हे. इंजिनातल्या स्पार्कप्लगमध्ये दर क्षणी ठिणग्या पडत असतात. प्रत्येक ठिणगी म्हणजे विद्युतचुंबकीय लहरी सोडणारा एक लहानसा प्रक्षेपकच. हाइन्रिख हर्ट्झ यांनी १८८० च्या दशकात रेडिओलहरी पहिल्यांदा निर्माण केल्या, त्याही ठिणगीनेच. त्यामुळे इंजिन सुरू झाले, की रेडिओवर गाण्याऐवजी खरखरच ऐकू येई. डायनामोमुळे तिच्यात आणखी भर पडे.

यावर उपाय काय? रेडिओचा आवाज वाढवून उपयोग नव्हता, कारण गाण्याबरोबर खरखरही तितकीच वाढे. म्हणून खरखरीच्या उगमाशीच जावे लागले. स्पार्कप्लगच्या तारांत रोध बसवले, डायनामोला धारित्र जोडले, रेडिओभोवती धातूचे आवरण घातले. गाणे आणि गोंगाट यांच्यातील गुणोत्तर सुधारायचे, हा धडा वाहनातल्या रेडिओला जन्मापासूनच मिळालेला आहे.

सहा व्होल्टचे कोडे

दुसरी अडचण शक्तीची. त्या काळचे रेडिओ व्हॉल्व्हवर चालत, आणि व्हॉल्व्हला शंभराहून अधिक व्होल्टचा विद्युतदाब लागतो. मोटारीतली बॅटरी तेव्हा सहा व्होल्टची असे. सुरुवातीला लोक कोरड्या विद्युतघटांची वेगळी जडशीळ पेटी मोटारीत ठेवत. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीस 'व्हायब्रेटर' आला. धातूची एक पट्टी भराभर कंप पावून बॅटरीचा एकदिश प्रवाह तोडत-जोडत राहते. या तुटक प्रवाहाचा दाब रोहित्राने वाढवता येतो. पट्टीची गुणगुण ऐकू येई, पण काम भागे.

डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बार्डीन आणि ब्रॅटन यांनी ट्रान्झिस्टर करून दाखवला. शॉकली हे त्यांच्या गटाचे प्रमुख. ट्रान्झिस्टरला थोडे व्होल्ट पुरतात आणि तो तापवावाही लागत नाही. १९५५ मध्ये क्रायस्लर कंपनीच्या मोटारींसाठी फिल्को कंपनीने संपूर्ण ट्रान्झिस्टरचा रेडिओ तयार केला. व्हायब्रेटरचे दिवस संपत आले.

कोडे मात्र पुरते सुटले नाही. आज मोटारसायकलची बॅटरी बहुधा १२ व्होल्टची असते. साधा अँप्लिफायर तेवढ्याच मर्यादेत विद्युतदाब वरखाली करू शकतो, म्हणजे मध्यापासून दोन्ही बाजूंना फार तर सहा-सहा व्होल्ट. लाउडस्पीकरचा रोध ४ ओहम धरला, तर साइन तरंगासाठी जास्तीत जास्त शक्ती ६ × ६ ÷ (२ × ४), म्हणजे ४.५ वॅट येते. लाउडस्पीकरच्या दोन्ही टोकांना एकेक अँप्लिफायर जोडून ते उलटसुलट चालवले, तर दाबाचा पल्ला दुप्पट होतो आणि शक्ती चौपट, म्हणजे १८ वॅट होते. या जोडणीला 'ब्रिज' म्हणतात. याहून पुढे जायचे, तर लाउडस्पीकरचा रोध कमी करायचा किंवा बॅटरीचा दाब पुन्हा वाढवून घ्यायचा. मोठ्या अँप्लिफायरच्या पेटीत आज नेमके हे दाब वाढवण्याचे काम चालू असते. पट्टीच्या जागी सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करणारे ट्रान्झिस्टर आले आहेत, पण युक्ती १९३० च्या दशकातलीच. खोक्यावर मोठ्या अक्षरांत वॅटचे आकडे छापलेले असतात, तेव्हा हा हिशेब विद्यार्थ्यांकडून करून घ्यावा. विद्युतदाब आणि रोध माहीत असले, की आकडा कितपत खरा आहे हे त्यांचे त्यांनाच कळते.

गाणे दोन चाकांवर

१९३० च्या दशकात अमेरिकेतील काही पोलीस दलांनी मोटारसायकलींवर रेडिओ बसवून पाहिले. तेथे गाण्याचा प्रश्न नव्हता, हुकूम कानावर पडला म्हणजे पुरे. हौशी प्रवाशाच्या मोटारसायकलवर संगीत यायला बराच काळ जावा लागला, कारण त्यासाठी चांगली बॅटरी हवी, पुरेसे विद्युतजनित्र हवे आणि स्पीकर बसवायला जागा हवी.

हार्ली-डेव्हिडसन कंपनीने १९६५ मध्ये 'इलेक्ट्रा ग्लाइड' ही बटणाने सुरू होणारी आणि १२ व्होल्टवर चालणारी गाडी आणली. १९६९ मध्ये तिला समोरून वटवाघळाच्या पसरलेल्या पंखांसारखे दिसणारे कवच मिळाले. अशा कवचाला 'फेअरिंग' म्हणतात. १९७५ साली बाजारात आलेली होंडाची 'गोल्ड विंग' मात्र सुरुवातीला उघडीच होती. स्वार बाहेरून दुसऱ्यांची फेअरिंग विकत घेऊन तिला बसवत. अमेरिकेतील क्रेग व्हेटर यांची 'विंडजॅमर' ही फेअरिंग त्या दशकात फार लोकप्रिय झाली. १९८० मध्ये होंडानेच कारखान्यातून फेअरिंगसह 'इंटरस्टेट' ही आवृत्ती काढली. तिला हवी असल्यास स्टिरिओ संगीतयंत्रणाही मिळे. १९८५ च्या खास आवृत्तीत चार स्पीकर होते. वेगानुसार आवाज आपोआप कमीजास्त करणारी सोयही या दशकात आली.

फेअरिंग आली ती पाऊस आणि थंडी अडवण्यासाठी. पण संगीताच्या दृष्टीने तिने दोन कामे केली. स्पीकर बसवायला जागा दिली, हे सर्वांना दिसले. दुसरे काम तितकेसे दिसले नाही. तिने स्वाराच्या छातीवर आणि डोक्यावर आदळणारा वारा बाजूला वळवला. गाणे ऐकू येण्यात या दुसऱ्या कामाचा वाटा मोठा होता.

कानाचा हिशेब वेगळा

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. वॅट दुप्पट केल्यावर आवाज दुप्पट का वाटत नाही?

जर्मन शास्त्रज्ञ गुस्टाव्ह फेख्नर यांनी १८६० मध्ये असे मांडले, की आपली संवेदना उद्दीपनाच्या प्रमाणात वाढत नाही, ती त्याच्या लॉगॅरिथमच्या प्रमाणात वाढते. पुढे १९२० च्या दशकात बेल टेलिफोनच्या अभियंत्यांना लांबलांबच्या तारांत होणारी आवाजाची घट मोजायची होती. त्यांनी लॉगॅरिथमवर आधारलेले एकक घेतले आणि अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या नावावरून त्याला 'बेल' म्हटले. त्याचा दहावा भाग म्हणजे डेसिबल.

या मापात शक्ती दुप्पट झाली, की ३ डेसिबलची भर पडते आणि दहापट झाली, की १० डेसिबलची. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्स यांच्या प्रयोगांवरून असे दिसले, की माणसाला आवाज 'दुप्पट मोठा' वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबलची वाढ लागते. म्हणजे २० वॅटचा अँप्लिफायर दुप्पट मोठा वाटायला ४० नव्हे, २०० वॅट हवेत. आपल्या स्वाराने ४० वॅटचा अँप्लिफायर घेऊन फक्त ३ डेसिबल मिळवले होते. शांत खोलीत एवढा फरक कळतो. महामार्गावर तो वाऱ्यात विरून जातो.

वाऱ्याचा घातांक

वारा किती आवाज करतो? १९५२ मध्ये इंग्लंडमध्ये मँचेस्टर विद्यापीठातले गणिती जेम्स लाइटहिल यांनी वाहत्या हवेतून ध्वनी कसा निर्माण होतो याचा सिद्धांत मांडला. जेट विमानांचा आवाज हा तेव्हाचा ज्वलंत प्रश्न होता. जेटच्या झोतातून निघणारी ध्वनिशक्ती वेगाच्या आठव्या घाताच्या प्रमाणात वाढते, हा त्यांचा निष्कर्ष होता. १९५५ मध्ये कर्ल यांनी हा सिद्धांत घन वस्तूवर आदळणाऱ्या प्रवाहाला लावला. तेथे घात साधारण सहावा येतो. वेग दुप्पट झाला, तर ध्वनिशक्ती २ चा सहावा घात म्हणजे ६४ पट होते.

प्रत्यक्ष मोटारसायकलवर काय होते? १९९० च्या दशकात इंग्लंडमध्ये साउथॅम्पटन येथील संशोधकांनी चालत्या गाडीवर हेल्मेटच्या आत, स्वाराच्या कानाशी आवाज मोजला. ताशी ६० किलोमीटरला तो सुमारे ९० डेसिबल, तर ताशी १६० किलोमीटरला सुमारे ११० डेसिबल होता. यातला बहुतेक आवाज इंजिनाचा नव्हता, वाऱ्याचा होता. हेल्मेटभोवती हवेचे भोवरे सुटतात आणि हनुवटीखालच्या फटीत घुसतात, त्यांचा तो आवाज. या मोजमापांतून वाढीचा घात चौथ्या आणि सहाव्याच्या दरम्यान येतो, म्हणजे सिद्धांतापेक्षा जरा सौम्य. हेल्मेट आणि काच बदलली, की आकडेही बदलतात, पण वाढीची तऱ्हा अशीच राहते.

आता गणित करून पाहा. ताशी ६० किलोमीटरला एखाद्याला ५ वॅटमध्ये गाणे ठीक ऐकू येते, असे समजू. वेग १०० केला, तर या मोजमापांप्रमाणे वाऱ्याचा आवाज सुमारे १० डेसिबलने वाढतो. गाणे आधीसारखेच ऐकू येण्यासाठी शक्ती दहापट, म्हणजे ५० वॅट लागेल. १६० च्या वेगाला २० डेसिबल वाढतात, म्हणजे शक्ती शंभरपट, ५०० वॅट. लाउडस्पीकरला दिलेल्या विजेपैकी साधारण शंभरातला एखादा हिस्साच ध्वनी होतो, बाकीची उष्णता होते. ५०० वॅट पुरवायला विद्युतजनित्रही तसेच दांडगे लागेल. स्वार ॲक्सिलरेटर पिळतो त्या प्रत्येक वेळी वारा ही शर्यत जिंकतो.

खर्ज झाकोळतो

गोंगाट नुसता मोठा नसतो, त्याला स्वभावही असतो. १९२४ मध्ये बेल कंपनीतल्या वेगेल आणि लेन यांनी एक सूर दुसऱ्या सुराला कसा झाकून टाकतो याचे प्रयोग केले. त्यांना असे दिसले, की मोठा खर्जाचा सूर आपल्याहून उंच सुरांना सहज झाकोळतो. उंच सूर मात्र खर्जाला तितकेसे झाकू शकत नाही. याचे कारण कानाच्या रचनेत आहे. आतल्या शंखाकृती भागात ध्वनीची लाट शिरते, तेव्हा उंच सूर तिच्या सुरुवातीलाच खर्ची पडतात. खर्जाची लाट मात्र पुढच्या टोकापर्यंत जाते. जाताना ती उंच सुरांच्या जागाही हलवून जाते.

हेल्मेटमधला वाऱ्याचा आवाज मुख्यतः खर्जाचाच असतो. त्यात गाण्यातला तबल्याचा बाया किंवा बास गिटार तर बुडतेच, शिवाय गायकाचे शब्दही अस्पष्ट होतात. म्हणून 'बास' वाढवून महामार्गावर काही साधत नाही. मोटारसायकलच्या संगीतयंत्रणा सुधारणारे जाणकार उलट मधल्या आणि वरच्या सुरांकडे, म्हणजे साधारण १००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्याकडे लक्ष देतात. शब्दांची ओळख पटवणारी व्यंजने याच पट्ट्यात जास्त असतात.

हेल्मेटची मदत अर्धीच होते. त्याचे कवच आणि अस्तर उंच सूर बऱ्यापैकी अडवतात. खर्जाचा आवाज मात्र जवळजवळ तसाच आत येतो. फेअरिंगच्या काचेचेही असेच आहे. योग्य उंचीची काच वारा डोक्यावरून नेते. उंची चुकली, तर काचेच्या वरच्या कडेवरून सुटणारे भोवरे नेमके हेल्मेटवर आदळतात आणि काच नसतानापेक्षाही जास्त गोंगाट होतो. काचेची उंची थोडी बदलल्याने होणारा फायदा पुष्कळदा नव्या अँप्लिफायरपेक्षा मोठा असतो.

अंतराचा फायदा

फेअरिंगवरचा स्पीकर स्वाराच्या कानापासून साधारण ८० सेंटिमीटरवर असतो. मोकळ्या जागेत ध्वनीची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते, हे आपण शिकवतोच. अंतर निम्मे केले, की तीव्रता चौपट. ८० चे ४०, २० आणि १० करत ५ सेंटिमीटरवर आणले, तर चार वेळा चौपट, म्हणजे २५६ पट. हा नियम बिंदूसारख्या उगमासाठी आहे, त्यामुळे कानाजवळ तो तंतोतंत लागू पडत नाही. तरी लाभ किती मोठा आहे याचा अंदाज येतो. जे काम फेअरिंगवर ५० वॅट करतात, ते कानाजवळ पाव वॅटच्या आतबाहेर होते.

१९८० च्या दशकातल्या मोठ्या गाड्यांवर स्वार आणि मागे बसणारा यांना बोलता यावे म्हणून हेल्मेटमध्ये वायरने जोडलेले स्पीकर असत. २००४ मध्ये कार्डो या कंपनीने हेल्मेटसाठी ब्लूटूथवर चालणारे उपकरण आणले आणि वायरही गेली. आज आपल्याकडेही हेल्मेटमध्ये बसवायचे असे स्पीकर सहज मिळतात.

आवाजाने आवाज विझवणे

गोंगाट कमी करण्याची सर्वांत नवलाची कल्पना पाऊल ल्यूग या जर्मन संशोधकाची. ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार. एका लाटेच्या चढावर दुसऱ्या लाटेचा उतार बरोबर बसवला, तर दोन्ही मिळून शांतता व्हायला हवी. या कल्पनेवर ल्यूग यांना १९३६ मध्ये अमेरिकेत एकस्व मिळाले. तेव्हाची इलेक्ट्रॉनिकी मात्र इतकी चपळ नव्हती. १९५३ मध्ये आर.सी.ए. कंपनीतल्या ओल्सन आणि मे यांनी मायक्रोफोन, अँप्लिफायर आणि स्पीकर वापरून लहान जागेतला खर्जाचा आवाज कमी करून दाखवला.

तिला घरोघर नेणारे नाव आपल्या ओळखीचे आहे. अमर बोस यांचे वडील ननीगोपाल बोस हे बंगालमधील क्रांतिकारक. इंग्रज सरकारपासून बचावासाठी ते अमेरिकेत गेले. अमर यांचा जन्म १९२९ मध्ये फिलाडेल्फियात झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, शाळकरी वयातच, ते घराला हातभार म्हणून रेडिओ दुरुस्त करत. पुढे ते एम.आय.टी.मध्ये प्राध्यापक झाले. १९७८ मध्ये युरोपातून विमानाने परत येताना त्यांनी विमान कंपनीने दिलेला हेडफोन कानाला लावला. विमानाच्या घरघरीपुढे संगीत ऐकू येईना. आवाज वाढवून पाहण्याऐवजी त्यांनी कागद काढला आणि घरघर नाहीशी करण्याचे गणित प्रवासातच मांडायला घेतले. वैमानिकांसाठीचा त्यांच्या कंपनीचा हेडफोन १९८९ मध्ये विक्रीस आला. मध्ये अकरा वर्षे गेली.

ही युक्ती खर्जावर चांगली चालते. १०० हर्ट्झच्या लाटेची लांबी सुमारे ३.४ मीटर असते, त्यामुळे तिचा उलटा जोडीदार तयार करायला यंत्राला वेळ मिळतो. ५००० हर्ट्झच्या लाटेची लांबी ७ सेंटिमीटरच्या आत येते. तेथे किंचित चूक झाली, तरी चढावर चढ बसतो. गंमत अशी, की हेल्मेट उंच सूर अडवते आणि ही युक्ती खर्ज अडवते. दोन्ही एकमेकांना पूरक आहेत. वाऱ्याचे भोवरे घटकेघटकेला बदलतात, म्हणून मोटारसायकलवर हे काम विमानापेक्षा अवघड असते.

कान परत मिळत नाही

आतापर्यंत आपण गाणे ऐकू येण्याचा विचार केला. खरी काळजी मात्र वेगळीच आहे. आतल्या कानात ध्वनीचे विद्युतसंकेत करणाऱ्या आणि त्या कामात मदत करणाऱ्या केशपेशी असतात. दर कानात त्या पंधरा-सोळा हजारच. मोठ्या आवाजाने त्या थकतात, वाकतात आणि शेवटी मरतात. पक्ष्यांमध्ये त्या पुन्हा उगवतात, असे १९८० च्या दशकात आढळले. माणसात त्या उगवत नाहीत.

अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेने १९९८ मध्ये कामगारांसाठी दिलेली शिफारस अशी आहे : ८५ डेसिबलला दिवसाला ८ तास, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा तास, १०० ला १५ मिनिटे. साउथॅम्पटनच्या मोजमापांवरून ताशी ८० किलोमीटरला साधारण ९६ डेसिबल धरले, तर सुरक्षित वेळ सुमारे ४० मिनिटे येतो. पुणे ते कोल्हापूर अंतर सुमारे २३० किलोमीटर. या वेगाने तीन तासांच्या जवळपास लागतील. एकही गाणे न लावता, नुसत्या वाऱ्यानेच कानाची दिवसाची मर्यादा चौपटीहून जास्त ओलांडली जाते. त्यावर मात करील एवढे मोठे गाणे लावले, तर काय होईल हे सांगायला नको. हा तोटा वेदनारहित असतो आणि सावकाश होतो. आधी ४००० हर्ट्झच्या आसपासचे सूर जातात. पुढे माणूस म्हणू लागतो, की लोक पुटपुटतात.

म्हणून लांब पल्ल्याचे अनुभवी स्वार फोमचे कर्णबोळे वापरतात. नीट बसवले, तर ते २० ते ३० डेसिबल अडवतात. 'मग मागच्या गाडीचा भोंगा कसा ऐकू येणार?' असा प्रश्न विद्यार्थी विचारतील, आणि तो योग्यच आहे. कर्णबोळा वारा आणि भोंगा दोन्ही कमी करतो, त्यामुळे त्यांचे गुणोत्तर फारसे बिघडत नाही. गाण्याचे तसे नाही. गाणे भोंग्यावर आणखी एक पडदा टाकते आणि लक्षही वेधून घेते. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात वाहन चालवताना दोन्ही कान हेडफोनने झाकायला कायद्याने मनाई आहे, ती यासाठीच. आपल्या रस्त्यांवर तर ऐकू येणारा भोंगा ही जीव वाचवणारी गोष्ट आहे.

वर्गात करून पाहण्यासारखे

यातला बराचसा भाग टेबलफॅन, लहान रेडिओ आणि आवाज मोजणारे ॲप घातलेला मोबाइल यांच्या साहाय्याने वर्गात दाखवता येईल. एका विद्यार्थ्याला पंख्याच्या झोतात, तोंड पंख्याकडे करून बसवा. रेडिओ त्याच्यापासून एक मीटरवर ठेवा आणि बातम्यांतले शब्द नीट कळतील इतका आवाज ठेवा. आता पंखा एकेका पायरीने वाढवा आणि प्रत्येक पायरीला शब्द कळण्यासाठी रेडिओचा आवाज किती वाढवावा लागतो ते मोबाइलवर नोंदवा. मोबाइल झोताच्या बाहेर, पण विद्यार्थ्याच्या कानाजवळ धरावा. झोत थेट मायक्रोफोनवर पडला, तर आकडा भलताच येतो, आणि तो का येतो यावरही चर्चा होऊ शकेल.

दुसऱ्या फेरीत पंखा पूर्ण वेगावर आणि रेडिओचा आवाज सुरुवातीएवढाच ठेवून तीन उपाय एकेक करून पाहा : रेडिओ कानापासून २५ सेंटिमीटरवर आणणे, पंखा आणि डोके यांच्यामध्ये पुठ्ठा उभा करणे, आणि पुठ्ठ्याची उंची हळूहळू बदलणे. कोणत्या उपायाने शब्द कळू लागतात, ते मुलांनीच ठरवावे. मग त्यांना विचारावे, की रेडिओ एक मीटरवरून २५ सेंटिमीटरवर आणण्यातून जेवढा लाभ झाला, तेवढा नुसता अँप्लिफायर बदलून मिळवायचा असेल, तर किती पट वॅट लागतील? उत्तर काढताना व्यस्त वर्गाचा नियम, लॉगॅरिथम आणि कान हे तिन्ही विषय एकाच गणितात येतात. अठराव्या वर्षी मोटारसायकल हाती आल्यावर त्यांच्यातले काही जण दुकानात जाऊन जास्त वॅट मागण्याआधी काचेची उंची तपासतील आणि कर्णबोळ्यांची जोडी खिशात टाकतील, अशी आशा करायला हरकत नाही.